विषय क्रमांक सात : सूर्य

मराठी माणसाचं सूर्याशी जुनं सख्य आहे. सकाळी त्याला नमस्कार घालायचे, रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवायचं, चैत्र-वैशाखात कुरडया, पापड्या, सांडगे गच्चीवर त्याच्या हवाली करायचे आणि दुपारी निर्धास्त झोपायचं. गोधड्यांपासून मिरच्यांपर्यंत सगळं त्याच्याकडून फुकट वाळवून घेतलं, कधी कोटेशन मागवलं नाही. मात्र याच सूर्याकडून वीज घेऊ या असं कोणी म्हटलं, की त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते.

सोसायटीच्या कार्यक्रमपत्रिकेवर सूर्य सातवा असतो. त्याच्या आधी मागील सभेचं इतिवृत्त, हिशेबपत्रकं, पार्किंग, पार्किंगवरून झालेल्या भांडणावरची चर्चा, चौथ्या मजल्याची गळती आणि भाडेकरूंचा कुत्रा. सातव्यापर्यंत पोचेतो रात्रीचे साडेनऊ वाजतात, वडे संपलेले असतात आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो मावळून तीन तास झालेले असतात. मग सेक्रेटरी घसा खाकरून वाचतात, "इमारतीच्या गच्चीवर सौरऊर्जा संच बसविण्याबाबत विचारविनिमय करणे." विचार कोणीच बरोबर आणलेला नसतो. विनिमय मात्र जोरात होतो.

अपारंपरिक ऊर्जेच्या वाटेत तांत्रिक आणि शैक्षणिक अडथळे आहेत, असं सरकारी अहवालांत नेहमी छापलेलं असतं. ते वाचून डोळ्यांपुढे येतो तो कुठल्याशा वाडीवरचा, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला काही माहीत नसतं तो जवळ जाऊन बघतो, हात लावतो, विचारतो आणि चार दिवसांत शिकतो. ज्याला सगळं आधीच माहीत असतं, तो मात्र हलत नाही. आमच्या पुण्यात तर अशा माहीतगारांची एकरी घनता फार.

पहिला माहीतगार हा गरम पाण्याचा. "आपल्याकडे आहे की सोलर! दहा वर्षं झाली बसवून. डिसेंबरात कोमट पाणी येतं. कशाला परत खर्च?" त्याला समजावून सांगावं लागतं की काका, गच्चीवर काचेच्या नळ्या आहेत तो पाणी तापवायचा बंब, त्यात सूर्याची उष्णता वापरतात. आता बोलतोय ते पॅनेलविषयी. त्यात सूर्याच्या प्रकाशातून थेट वीज होते. दोन्हींचा मालक एक असला तरी खाती वेगळी आहेत. काका मान डोलवतात. मग तळमजल्यावरचे गृहस्थ उठतात. गरम पाणी त्यांच्या नळाला येण्याआधी दोन बादल्या गार पाणी मोरीत जातं, हे त्यांचं जुनं दुखणं. ते विचारतात, "म्हणजे वीजसुद्धा वरच्या मजल्यांना आधी मिळणार. आमच्यापर्यंत येईतो काय उरणार?"

दुसरा माहीतगार हा थांबणारा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं असतं की पॅनेल जेमतेम वीस-बावीस टक्केच प्रकाशाची वीज करतं. "म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के सूर्य वाया! संशोधन चालू आहे. जरा थांबू, पन्नास टक्केवालं येऊ दे." अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट दाखवला गेला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या आसपास होती. आमचे गृहस्थ तेव्हा असते तर तेव्हाही जरा थांबले असते. गंमत अशी, की दर तीन वर्षांनी नवी मोटार घेताना पेट्रोलमधली किती टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचते, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. वाया जाणारं पेट्रोल विकत आणलेलं असतं, म्हणून त्याचं दुःख नाही. वाया जाणारा सूर्य फुकटचा, त्याचं मात्र फार.

तिसरा माहीतगार दिशेचा. पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसवतात म्हटल्यावर सभेत शांतता पसरते. दक्षिण ही यमाची दिशा. दक्षिणेकडे पाय करून कोणी झोपत नाही, दक्षिणमुखी फ्लॅट बिल्डरलाही लवकर विकता येत नाही, आणि इथे लाखो रुपयांची काच नेमकी तिकडे तोंड करून बसवायची! खरं कारण साधं आहे. पुणं विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर. वर्षातला बराचसा काळ दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण अक्षांशाइतका. ही माहिती ऐकून कोणाचंही समाधान होत नाही. समाधान होतं ते कोपऱ्यातल्या एकाने "मारुती चालतो की दक्षिणमुखी" असं म्हटल्यावर. भूगोलाने जे होत नाही ते मारुती करतो, हे आपल्याकडच्या विज्ञानप्रसारकांनी एकदा लिहून घ्यावं.

चौथा माहीतगार विदर्भातून आलेला असतो, आणि तो तापमानावर बोलतो. "तुमच्या पुण्यात काय ऊन आहे हो! आमच्या चंद्रपूरला या मे महिन्यात. सत्तेचाळीस! तिथे लावा पॅनेलं, मग बघा वीज." सभेला हे पटतं, कारण ऊन वाढलं की वीज वाढणार यात शंका घेण्यासारखं काय आहे? पण पॅनेलला लागतो प्रकाश, त्याला ताप सोसत नाही. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सियसला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्याच्या भर दुपारी काच ६५ अंशांवर गेली की छापील क्षमतेतले बारा ते सोळा टक्के तिथेच वितळतात. स्वच्छ आकाशाच्या, थंड वाऱ्याच्या दिवशी पॅनेल जास्त खुशीत असतं. थोडक्यात, त्याचा स्वभाव पुणेरी आहे : उजेड हवा, पण उकाडा नको आणि दुपारी फार त्रास देऊ नये.

या सगळ्यांहून जड असतो तो पाचवा प्रश्न, आणि तो विचारणारा माहीतगार नसून साधा गृहस्थ असतो. "लाइट गेली की सोलर चालेल ना?" इथे विक्रेता पाण्याचा घोट घेतो. कारण उत्तर आहे, नाही. ज्या संचाला बॅटरी नाही आणि जो थेट वीजजाळ्याला जोडलेला आहे, तो वीज गेली की आपला आपण बंद पडतो. वर लख्ख ऊन, पॅनेलं धडधाकट, आणि लिफ्ट मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. हे ऐकून सभेत जो आवाज होतो तो इतिवृत्तात लिहिता येत नाही.

पण कारण ऐकलं तर राग निवळतो. वीज गेली म्हणजे बहुधा कुठेतरी तार तुटलेली असते किंवा खांबावर वायरमन चढलेला असतो. त्याच्या समजुतीने तार मेलेली आहे. अशा वेळी आपल्या गच्चीवरून त्या तारेत वीज जात राहिली, तर आपल्या लिफ्टच्या सोयीसाठी त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टरने जाळ्यात वीज नसल्याचं ओळखलं की क्षणात हात आखडता घ्यायचा, असा नियम आहे. अंधारातही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि बॅटरीला चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि मग खर्चाचा आकडा वाढतो. हे दोन मिनिटांत सांगून होतं. पण बहुतेक विक्रेते ते कोटेशनच्या चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत सांगतात. आणि पहिल्या पानावर दोन्ही हात पसरून हसणारं कुटुंब छापतात. मग पहिल्यांदा लाइट गेली की ते कुटुंब हसत नाही आणि अख्ख्या पेठेत बातमी पसरते, "सोलर म्हणजे फसवणूक." पूर्ण न सांगितलेलं खरं किती लांब पोचतं, याचा हा नमुना.

सावलीचा प्रकार मात्र मी स्वतः जवळून पाहिला. एका गच्चीवर पाहणीला तरुण सल्लागार आला होता. खांद्याला लॅपटॉप, हातात लेझरचं मापयंत्र. त्याच्या पडद्यावर इमारत हिरवीगार उमटली. हिरवं म्हणजे ऊन. मेचा मध्य होता, दुपारचे साडेबारा. त्या सुमारास पुण्यात शून्य सावली दिवस येतो. सूर्य ऐन डोक्यावर, खांबाची सावली खांबाच्याच पायात. सगळी गच्ची उन्हाने धुतलेली. पोरगा खूश होता. पॅनेलांच्या जागी खडूने रेघा मारत तो पाण्याच्या काळ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पापड्या उलटत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात कावळ्यांसाठी काठी.

"बाळ, तिथे नको लावू हो."

"का आजी? फुल ऊन आहे इथे."

"आत्ता आहे रे. मार्गशीर्षात ये. टाकीची सावली पार त्या नळापर्यंत जाते. मी आवळासुपारी वाळत घालते ना, ती त्या कोपऱ्यात कधीच वाळली नाही. बुरशी धरते मेली."

पोराने लॅपटॉपकडे पाहिलं. टाकी त्यात नव्हतीच. नकाशा मंजूर झाल्यानंतर ती सोसायटीने आणून बसवली होती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला उतरतो, सावल्या उत्तरेला लांबतात, हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं. आजींनी ते आवळ्यांवर तपासून घेतलं होतं. आणि तो कोपरा काही किरकोळ नव्हता. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांमधून प्रवाह एकच वाहतो; त्यातल्या एकावर सावली आली की सगळ्या ओळीचा प्रवाह आवळतो. बायपास डायोड, प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर असे उपाय आहेत, पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तिथे पॅनेल न लावणं. पोरगा समजूतदार निघाला. खडूची रेघ पायाने पुसली आणि आजींना विचारलं, "आणखी कुठे नाही वाळत?" पुढची वीस मिनिटं गच्चीचं सर्वेक्षण आजींनी केलं. फी म्हणून त्याला दोन ओल्या पापड्या मिळाल्या.

ज्यांचं स्वतंत्र घर असतं त्यांना सभा नसते. त्यांना आजोबा असतात. केंद्राच्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली' योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. (सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,०००.) २०२४ च्या फेब्रुवारीत योजना सुरू झाली, उद्दिष्ट एक कोटी घरांचं. अर्ज ऑनलाइन. ग्राहक क्रमांक टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरायचा. इतकं सोपं.

फक्त वीजबिल आजोबांच्या नावावर असतं. आजोबा कधीच देवाघरी गेले, पण बिल त्यांनाच येतं आणि ते वेळेवर भरलंही जातं, त्यामुळे यंत्रणेच्या दृष्टीने ते ठणठणीत आहेत. बिलाशी जोडलेला मोबाइल मागच्या भाडेकरूचा. ओटीपी त्याला जातो आणि तो हल्ली लातूरला असतो. फोन केला तर म्हणतो, "काका, आत्ताच मोठ्या मुश्किलीने बँकेवाल्यापासून वाचलोय, ओटीपी काही कोणाला सांगणार नाही." सायबर साक्षरता अशी नको तिथे यशस्वी होते. मग नाव बदलण्याचा अर्ज, त्याला मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं. त्यातल्या आत्याशी सतरा वर्षं बोलणं नाही. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला आठ मिनिटं आणि काही सेकंद लागतात. पृथ्वीवर पोचल्यावर त्या घराच्या मीटरपर्यंत यायला आत्याची सही लागते.

सगळं पार पडून नेट मीटर बसलं, की बिल वाचण्याचा नवा अभ्यासक्रम सुरू होतो. बिलावर आता आयात युनिट आणि निर्यात युनिट असे दोन रकाने. एक निवृत्त गृहस्थ गल्लीत सांगत फिरत होते, "आम्ही निर्यातदार झालो." दिवसा घरात वापर कमी, वीज बाहेर जाते; रात्री सूर्य नाही, वीज आत येते; महिनाअखेर वजाबाकी. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात, आणि आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, हिशेब मिटवला जातो. किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरायची. तीन किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या घरात. पावसाळ्यात कमी, पण शून्य नाही. हे गणित चौथीच्या मुलाला येतं. तरी पहिलं बिल आलं की घरात धरणीकंप होतो, कारण "बिल शून्य येईल" असं ऐकलेलं असतं आणि बिलावर स्थिर आकार असतो. वीज नाही वापरली तरी तारेच्या, मीटरच्या जोडणीचे पैसे द्यावे लागतात. लग्नाला जाऊन जेवलो नाही तरी आहेर द्यावाच लागतो, एवढं सांगितलं की मराठी घरात हा मुद्दा पुन्हा निघत नाही.

आता थोडं मागे वळून पाहू, कारण हे नाटक आपण आधीही केलेलं आहे. सौरचूल आठवते? चौकोनी पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. राज्यात अपारंपरिक ऊर्जेचं काम बघणाऱ्या 'महाऊर्जा' या सरकारी संस्थेची स्थापना १९८५ सालची. त्या काळात प्रदर्शनांतून ही चूल ओळीने मांडलेली असे. डाळ-भात दोन-तीन तासांत झकास शिजायचा, करपायचा नाही, गॅसची बचत. अडचण एवढीच, की प्रात्यक्षिक देणाऱ्या साहेबांनी आयुष्यात कुकर लावलेला नव्हता. बाई आठच्या लोकलने जाणार, ऊन चढणार दहाला; तिच्या डब्यात भात घालायला सूर्य लवकर कसा उठवायचा, हे पत्रकात नव्हतं. शिवाय पेटीतली उष्णता भात शिजवायला पुरते, पण भाकरी भाजायला तापलेला तवा लागतो. ज्या राज्यात भाकरी नाही म्हणजे जेवणच नाही, तिथे हा काही किरकोळ तपशील नव्हता. बायकांनी चूल नाकारली, आणि अहवालात लिहिलं गेलं : महिलांमध्ये जागृतीचा अभाव.

याच सूर्यावर शिर्डीच्या प्रसादालयात मात्र स्वयंपाक झाला. तिथे २००९ साली आरशांच्या ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या. त्या उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि ती वाफ नळाने स्वयंपाकघरात न्यायची. आचाऱ्याला गच्चीवर जायचं नव्हतं, काळे डबे घ्यायचे नव्हते, वेळ बदलायची नव्हती. त्याने नेहमीसारखी तोटी सोडली. जागृती करायची होती ती आचाऱ्याची नव्हे, नळाची. आणि ती कोणाला तरी वेळेवर सुचली.

गोबरगॅसची कथा आणखी बोधप्रद. शेण आणि पाणी सारखं, रोज कालवून ओतायचं. लोखंडी टाकीला वेळच्या वेळी रंग द्यायचा, नाहीतर ती गंजते. खड्डा खणायला अनुदान होतं, टाकी आणायला अनुदान होतं. रंगाच्या डब्याला नव्हतं. आज गावोगावी त्या टाक्यांवर भोपळ्याचे वेल चढलेले दिसतात. अडथळा शेणात नव्हता. टाकीला भोक पडल्यावर कोणाला बोलवायचं, हे कोणी सांगून ठेवलं नव्हतं. आणि जिथे सांगणारा माणूस गावातच राहिला, तिथे याहून अवघड गोष्टही जमली. देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेली बायोगॅस संयंत्रं लोकांच्या घरी बसवून दाखवली. तुकोबांच्या गावात, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या चुलीपर्यंत तो गॅस न्यायचा म्हणजे किती वेळा त्या गॅसवरचा चहा स्वतः पिऊन दाखवावा लागला असेल, याचा अंदाज करा. त्यांच्या संयंत्राचं नाव 'मलप्रभा'. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पवनचक्क्यांच्या वेळी तर आपण सरळ ढगांची बाजू घेतली. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडे पक्की बोलवा उठली, की डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग हाकलून लावतात. वनकुसवड्याच्या पठारावर पाती फिरायला लागली आणि पाऊस गेला. आणखी पुरावा काय हवा? चूक समजण्यासारखी आहे. घरातला पंखा फिरला की वारा येतो; डोंगरावर वारा आला की पंखा फिरतो. एवढं उलटं कोणी चावडीवर सांगितलं असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं. माण-खटाव हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत, ते पवनचक्क्यांच्या कितीतरी शतकं आधीपासून. पण तज्ज्ञ मुंबईला बोलत होते, दुष्काळ माणला होता.

आणि आता याच्या उलट बाजू. वनकुसवडे ज्या पाटण तालुक्यात, त्याच तालुक्यात कोयनेचं धरण, आणि त्याच तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. शंभरएक घरांची वाडी, घराघरावर पॅनेलं. पाणी, वारा, ऊन या तिन्हींची वीज एका तालुक्यात. तिथल्या लोकांनी आमच्याइतके प्रश्न विचारले नाहीत असं नाही. फक्त त्यांचे प्रश्न उत्तर मिळाल्यावर संपत होते.

राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे, १९७२ पासूनचं. तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया, त्यांत कितीतरी आज्या, सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकतात. तारांचे रंग, हातवारे, करून बघणं, बस्स. काही तर परदेशातून आलेल्या, शिकवणारीची भाषाही न समजणाऱ्या. साधारण सहा महिन्यांत त्या आपापल्या गावी जाऊन दिवे लावतात. आमच्या सभेत अर्धे लोक अभियंते होते. सहा महिन्यांत आमची उपसमिती नेमून झाली.

सोलर पंपवाला शेतकरीही असाच. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के रक्कम भरली (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के) की पंप मिळतो. त्याला त्यातलं अर्थशास्त्र सांगावं लागत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला पायाखाली साप आणि उसात बिबट्या असताना तो वर्षानुवर्षं जातोय; दिवसा पाणी मिळतं म्हटल्यावर त्याला पुस्तिका नको. एकाला मी विचारलं, कसा चालतोय पंप? तो म्हणाला, "ढग आला की पानी बारीक व्हतं, ढग सरला की पुन्हा फुगतं. म्हनून मी सकाळी लांबच्या सऱ्या धरतो आन् दुपारी जवळच्या." प्रकाशाची तीव्रता आणि उत्पादन यांचा संबंध इतक्या स्वच्छ मराठीत मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. त्याला कोणी तंत्रसाक्षर म्हणत नाही. तो आमच्या अहवालातला अडथळा आहे.

तेव्हा यापुढे गच्चीवर पॅनेल बसवायचं ठरलं, तर सल्लागाराबरोबर इमारतीतल्या वाळवण घालणाऱ्या एका बाईला आणि जुन्या वायरमनला वर पाठवावं. विक्रेत्याला पाच गोष्टी मराठीत, मोठ्याने विचाराव्यात : लाइट गेली तर काय, सावली डिसेंबरात कुठे, मंजूर भार किती, हमी पॅनेलची किती आणि इन्व्हर्टरची किती, आणि बिघडलं तर फोन कोणाला. "मी पस्तीस वर्षं इलेक्ट्रिकलमध्ये होतो" या वाक्याने सुरू होणाऱ्या भाषणाला वेळ द्यावा, पण शेवटी.

आणि सहावा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही : पुसणार कोण? धूळ आणि कबुतरं यांनी मिळून काच माखली की वीज घटते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आठ-पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. इतकंच तंत्रज्ञान. त्यासाठी बादली हवी, फडकं हवं, गच्चीवर नळ हवा. ते सगळं आहे. वॉचमनही तयार आहे, त्याने दर महिन्याला दोनशे रुपये जास्त मागितले आहेत आणि ते मंजूरही झाले आहेत. गच्चीच्या दाराला मात्र कुलूप आहे, किल्ली सेक्रेटरींकडे आहे, आणि सेक्रेटरी सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेले आहेत. तिथून ते रोज ग्रुपवर विचारतात, युनिटं कमी का पडतायत?